डावा रकाना

पॅरिस, सोमवार, ३ ऑक्टोबर १८५९

नवं नाटक सुरू झालं की मी नवी वही काढतो. हे एकेचाळिसावं. आधीच्या चाळीस वह्या टेबलाच्या खालच्या खणात आहेत, आणि त्या कोणाच्या हाती लागल्या तर मला हे शहर सोडावं लागेल. खणाला कुलूप नाही. गरजही नाही. ऑनोरीन माझ्या कागदांना हात लावत नाही. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिने स्वतःच मला तसं सांगितलं होतं.

नाटकाचं नाव ‘मुस्यू बोदिशाँ घरी नाहीत’. बोदिशाँ हा संशयी नवरा; बायकोचा प्रियकर शोधता शोधता भलत्याच माणसांच्या मानगुटीवर बसतो. सोबत लिहिणारा नेहमीचाच, देल्बेक, पंधरा वर्षांचा दोस्त. पद्धतही नेहमीची. कागद उभा, मधोमध दुमडायचा. उजव्या अर्ध्यात मी शाईने खर्डा लिहितो, डावा अर्धा कोरा सोडतो. देल्बेक खर्डा घरी नेतो आणि डाव्या रकान्यात पेन्सिलने दुरुस्त्या करतो. पटली तर मी तिच्यावर शाई फिरवतो, नाही पटली तर पावाच्या मऊ गराने खोडून टाकतो. हाताला इतकी सवय झालीय की ही वहीसुद्धा मी उजव्या अर्ध्यातच लिहितो. डावा रकाना कोराच राहतो. माझ्या आयुष्यात दुरुस्त्या करायला कोण बसलंय?

हे नाटक चाललंच पाहिजे. मागचं अकरा प्रयोगांत आटोपलं, त्याच्या आधीचं चार. आमच्या थिएटरचा मालक क्रेपिनो आज तोंडावर म्हणाला, “पॉम्रोल, तुमच्या नाटकाला लोक येतात, बसतात आणि खोकतात. मला खोकणारे नकोत. हे पडलं तर पुढचं दुसरीकडे घेऊन जा.” पन्नाशी उलटलेल्या विनोदी लेखकाला ‘दुसरीकडे’ नावाची जागा नसते हे त्याला माहीत आहे.

आता लिहितोच आहे तर हेही लिहितो. मागच्या नाटकाच्या शेवटच्या प्रयोगाला मी शेवटच्या बाकावर बसलो होतो. लोक नाटकावर वैतागले होते. लोक शिट्ट्या मारायला लागले तेव्हा मीही एक मारली. शेजारचा माणूस माझ्याकडे निरखून बघत होता. मीच लेखक आहे असं त्याला वाटू नये म्हणून.

गुरुवार, ६ ऑक्टोबर

दोन ते पाच कॅफेत डॉमिनो. वीस वर्षांत माझा एक गुरुवार चुकलेला नाही, आणि आज हरलो तसा बहुतेक गुरुवारी हरतो.

घरी आलो तर जेवणाच्या खोलीत सिगारचा वास. ऑनोरीन म्हणाली, “मुस्यू देल्बेक आले होते. खर्डा घेऊन गेले.” आले असतील. मी संशयी माणूस नाही. कोण कुठे आहे एवढं फक्त मला माहीत असावं लागतं.

सकाळी सातला बॅरोमीटरवर नेहमीप्रमाणे दोनदा टकटक केलं. सासऱ्यांनी लग्नात दिलेला. काटा लग्नापासून ‘हवा बदलती’वर आहे. तो बिघडलेला आहे हे मला चौथ्याच दिवशी कळलं होतं. पण इतक्या वर्षांनी आता टकटक थांबवली तर त्याला वाईट वाटेल.

शुक्रवार, १४ ऑक्टोबर

पहिल्या अंकाचा खर्डा परत आला. डाव्या रकान्यात देल्बेकचं अक्षर, पण वाक्यं देल्बेकची नाहीत! पंधरा वर्षांत त्या माणसाने श्लेष केल्याशिवाय ‘दार लाव’ एवढंही लिहिलेलं नाही. आणि इथे बोदिशाँ दरवाजात उभा राहून सासूला म्हणतो:

‘मी संशयी माणूस नाही. कोण कुठे आहे एवढं फक्त मला माहीत असावं लागतं.’

वाक्य चांगलं आहे. खरा मूर्ख अस्संच बोलेल. पण हे मी कुठेतरी ऐकलंय. नक्की ऐकलंय. एखाद्या जुन्या नाटकातून उचललेलं असणार. दुपारभर माझ्याकडची जुनी नाटकं धुंडाळली, सापडलं नाही. शेवटी पावाचा गर घेतला आणि खसाखसा खोडून टाकलं.

शनिवार, १५ ऑक्टोबर

क्रेपिनोला पहिला अंक वाचून दाखवला. देल्बेकने मी खोडलेलं वाक्य तोंडपाठ म्हणून टाकलं. क्रेपिनो हसला! ज्या माणसाला मी दहा वर्षांत फक्त तिकीटखिडकीकडे बघून हसताना पाहिलंय, तो मांडीवर थाप मारून हसला.

बाहेर आल्यावर जिन्यातच देल्बेकला धरलं.

“कोण आहे तो?”

“कोण?”

“तिसरा. हे तुझं लिखाण नाही. तू खर्डा कोणाला तरी दाखवतोस.”

तो लाल झाला. मग म्हणाला, “एव्हारिस्त, शपथेवर सांगतो, ह्या नाटकात तुझ्या-माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाचं एक वाक्य नाही.”

“नीट ऐक. पहिल्या प्रयोगाचा पडदा पडला की मुख्य नट पुढे येऊन लेखकांची नावं पुकारेल. मी तिथे दोनच नावं ऐकणार. तिसरं आलं तर आपली दोस्ती संपली.”

“दोनच असतील,” तो म्हणाला, आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू मीच आजारी आहे.

पंधरा वर्षं ज्याच्या ताटात मी जेवलो तो माझ्या पाठीमागे दुसऱ्या लेखकाकडे जातो! मुख्य नट बोनिव्हार मागे लागला म्हणून वाक्य परत घातलं. शाई मात्र मी फिरवली नाही. देल्बेकने फिरवावी.

रविवार, २३ ऑक्टोबर

आज जेवताना ऑनोरीनला तिसरा अंक वाचून दाखवला. ती हसली ती गोष्ट नाटकात राहते, हा माझा नियम. थिएटरात काय व्हायचं ते होवो, घरी मी कधी पडलो नाही.

तिसऱ्या अंकात टोपीची कोटी आहे. बोदिशाँ स्वतःच्याच टोपीवर बसतो, उठतो आणि म्हणतो, ‘आयुष्यभर ही माझ्या डोक्यावर बसली. आज मी हिच्यावर बसलो. फिट्टंफाट!’ ही कोटी मी जुळवलेली नाही, ती माझ्या बाबतीत घडलेली आहे. १८३८ साली ऑर्लेआँला ऑनोरीनच्या वडिलांकडे मी जेवायला गेलो होतो. घाबरून आपल्याच टोपीवर बसलो. तीस माणसं गप्प. तेव्हा मी हे वाक्य बोललो, आणि टेबलाच्या त्या टोकाला बसलेली एक मुलगी इतकी हसली की तिच्या नाकातून वाइन आली. दुसऱ्या दिवशी मी मागणी घातली. त्या हसण्याने माझं आयुष्य ठरवलं. मी नोटरीच्या कचेरीतली नोकरी सोडून नाटककार झालो तो त्या हसण्याच्या जोरावर. आजवर सात नाटकांत ही कोटी घातली आणि सातही वेळा मालकांनी ती कापली.

आजही ती हसली. रुमाल तोंडाला लावून.

मी तिला देल्बेकचं सगळं सांगितलं. “घरभेदी निघाला. कोण असेल तो तिसरा, तुला काय वाटतं?”

“मला काय कळणार तुमच्या नाटकातलं?” ती म्हणाली. “अजून थोडं ससाण्याचं मटण घेता का?”

ससाण्याचं नव्हे, सशाचं. मी इतका चिडलेलो आहे की चुकीचे प्राणी लिहायला लागलोय.

मंगळवार, ८ नोव्हेंबर

घात झाला.

आज दुसऱ्या अंकाचा खर्डा आला. डाव्या रकान्यात, पेन्सिलने: ‘बोदिशाँ बायकोच्या खोलीत जाण्याआधी बॅरोमीटरवर दोनदा टकटक करतो. मोलकरीण: साहेब, तो बिघडलाय. बोदिशाँ: माहीत आहे गं. पण आता थांबलो तर त्याला वाईट वाटेल.’

माझा बॅरोमीटर! माझी टकटक!

मी सकाळी सातला टकटक करतो, रात्रीच्या टोपीत, अनवाणी. त्या वेळी मला कोण बघतं? आमची स्वयंपाकीण उर्स्युल आठला येते. म्हणजे एकटी ऑनोरीन, पलंगावरून. त्याला वाईट वाटेल हे तर मी तिलाही कधी बोललेलो नाही; ते फक्त ह्या वहीला माहीत आहे आणि वह्या बोलत नाहीत. म्हणजे मी झोपेत बडबडत असणार, ती ऐकत असणार, आणि पुढे सांगत असणार. बायको असल्या गोष्टी कोणाला सांगते? चाळीस नाटकं लिहिली आहेत मी. मला कोणी शिकवायला नको.

तिसरा माणूस कोणी नव्हताच. तिसरा माणूस मी आहे.

संध्याकाळी ती समोर बसून मोजे रफू करत होती. म्हणाली, “तुमचा चेहरा असा का?” मी म्हटलं, “हवा बदलतेय.” तिने मान खाली घातली आणि सुई बोटात टोचून घेतली.

बुधवार, ९ नोव्हेंबर

उद्या मी डॉमिनोला जाणार नाही. दोन वाजता बाहेर पडल्याचं नाटक करीन, मागच्या जिन्याने परत येईन आणि जेवणाच्या खोलीतल्या कोटांच्या कपाटात लपेन. चाळीस नाटकांत चाळीस नवरे मी कपाटात घातले आणि लोकांना हसवलं. स्वतः आत शिरायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं. कपाटात हवा असते का, हे एकदाही तपासलेलं नाही.

शुक्रवार, ११ नोव्हेंबर

काल लिहू शकलो नाही. आज जसं घडलं तसं लिहितो.

कपाटात हवा असते, पण कसर लागू नये म्हणून कोटांवर मिरीपूड टाकलेली असते. दोन बोटांच्या चिमटीत नाक धरून मी वीस मिनिटं उभा राहिलो. अडीचला देल्बेक आला. खुर्च्या ओढल्याचा आवाज. चुंबनाचा आवाज नाही. फटीतून बघितलं तर दोघं टेबलाशी समोरासमोर, मधे आमचा खर्डा, आणि ऑनोरीनच्या बोटांना पेन्सिलीचा काळा रंग.

“मादाम, आज काय माल आहे?” देल्बेक म्हणाला.

“माल काय म्हणता? नवरा आहे तो माझा.”

“चुकलो. पण तुमच्या नवऱ्याने दोन अंक खांद्यावर उचललेत आणि त्याला पत्ताच नाही.”

मग माझ्या टेबलाचा खालचा खण उघडला. तो आवाज मी ओळखतो, लाकूड जरा अडतं. ती ही वही घेऊन आली. हीच, जिच्यात मी आता लिहितोय. आणि वाचायला लागली. मोठ्याने.

“‘लोक शिट्ट्या मारायला लागले तेव्हा मीही एक मारली. शेजारचा माणूस माझ्याकडे निरखून बघत होता. मीच लेखक आहे असं त्याला वाटू नये म्हणून.’”

देल्बेक टेबलावर डोकं टेकून हसत होता. माझा दोस्त. डोळे पुसत म्हणाला, “थांबा, थांबा, हे तिसऱ्या अंकात! बोदिशाँ आपल्याच खिडकीखाली उभा. शेजारी बोदिशाँला शिव्या घालतायत. आणि हाही घालतो, आपणच बोदिशाँ आहोत असं कोणाला वाटू नये म्हणून!”

“इतकं मोठ्याने नका हसू. मला आधीच वाईट वाटतंय.”

“मग बंद करू या.”

“आणि नाटक पडलं तर? पुन्हा शेवटच्या बाकावर बसून ते स्वतःलाच शिट्टी मारतील. मला नाही बघवणार.”

“बरं. टोपीची कोटी तरी काढू का? तिथे सगळं थिजतं.”

“राहू दे ती. त्यांना आवडते.”

“पण मादाम, तिथे कोणी...”

“राहू दे म्हटलं ना. मी हसेन तिथे.”

ती तिथे हसेल.

हे ऐकल्यावर मी बाहेर यायला हवं होतं. त्यांना एकमेकांच्या मिठीत बघितलं असतं तर काय करायचं ते मला पाठ होतं: दार ढकलायचं, हात वर करायचा, ‘मुस्यू, आपण!’ म्हणायचं. पण दोन माणसं माझ्या वाक्यांना हसतायत आणि माझ्या विनोदाची कीव करतायत, ह्यावर कसा प्रवेश करतात? कोणी लिहिलेलंच नाही.

इतक्यात ऑनोरीनने पान उलटलं. “हे कालचंच आहे. ‘बुधवार, ९ नोव्हेंबर. उद्या मी डॉमिनोला जाणार नाही. दोन वाजता बाहेर पडल्याचं नाटक करीन, मागच्या जिन्याने परत येईन आणि जेवणाच्या खोलीतल्या...’”

ती थांबली.

आम्ही तिघंही थांबलो. रस्त्यावरून एक घोडागाडी गेली, तिचा आवाज संपेपर्यंत कोणी हललं नाही. मग देल्बेकने टोपी उचलली आणि चवड्यांवर बाहेर गेला. ऑनोरीन उठली, वही खणात ठेवली, दारात उभी राहून जरुरीपेक्षा मोठ्या आवाजात म्हणाली, “उर्स्युल, चल, आपण दोघी बाजारात जाऊन येऊ. अर्धा तास लागेल.”

दरवाजा बंद झाल्यावर मी कपाटातून निघालो आणि सात वेळा शिंकलो.

जेवताना तिने विचारलं, “डॉमिनोचं काय झालं?”

“हरलो.”

सोमवार, २१ नोव्हेंबर

दहा दिवस झाले. ती मीठ पुढे करते, मी आभार मानतो.

तिसऱ्या अंकाचा खर्डा आला. डाव्या रकान्यात तो खिडकीखालचा प्रवेश. पावाचा गर हातात घेतला होता. खोडला असता तर माझं नाव माझ्याजवळ राहिलं असतं आणि नाटक गेलं असतं. शेवटी शाई फिरवली. माझीच शरम, माझ्याच शाईत, मधे फक्त दोन चोरांच्या हातून आलेली. देल्बेक खालमानेने बघत होता. म्हणाला, “एव्हारिस्त, काहीतरी बोल ना. शिवी दे.”

“दिली तर तीही लिहून घेशील,” मी म्हटलं.

त्याचा हात नकळत पेन्सिलीकडे गेला. मग त्याने तो मागे घेतला, पण मी पाहिलं.

संहितेच्या दोन प्रती मंत्रालयात गेल्या. सेन्सॉरने एकच शब्द कापला: ‘प्रीफेक्ट’, म्हणजे सरकारचा बडा अधिकारी. माझ्या घराची लक्तरं त्याला आक्षेपार्ह वाटली नाहीत.

शुक्रवार, २ डिसेंबर

ऑनोरीन, हे तू वाचशीलच, म्हणून सरळ तुलाच लिहितो.

तू मला वाचवायला निघालीस हे मी कपाटात ऐकलं. खरं आहे ते. पण मी तुला वाचवायला सांगितलं नव्हतं. चाळीस वह्या मी उघड्या खणात ठेवल्या कारण जगात एक माणूस तिथे हात घालणार नाही अशी माझी खात्री होती. दुखतं ते इथे. देल्बेकचं मला तितकं नाही. तो लेखक आहे, लेखक खिसे कापतात. तू हसत होतीस आणि मी लिहीत होतो. आता मला मागचं काहीच खरं धरता येत नाही. प्रत्येक रविवार, प्रत्येक रुमाल. कुठे हसलीस आणि कुठे बॅरोमीटरवर टकटक केलीस?

दोन मागण्या आहेत. उद्या टोपीच्या जागी हसू नकोस. कोटी पडायची असेल तर पडू दे.

दुसरी: ऑर्लेआँला हसलीस, ते खरं होतं का? बाकीच्या एकवीस वर्षांचं मी विचारणार नाही. एवढ्या एकाचं सांग.

रविवार, ४ डिसेंबर

काल पहिला प्रयोग झाला.

‘मी संशयी माणूस नाही’ ह्या वाक्याला थिएटर हललं. बोनिव्हारने बॅरोमीटरवर पहिली टकटक केली तेव्हा हसले. तिसऱ्यांदा केली तेव्हा नुसतं बोट उचललं तरी हसायला लागले. खिडकीखालच्या प्रवेशाला प्रेक्षकांनी बोनिव्हारला पुढचं बोलूच दिलं नाही. माझ्या शेजारी पडद्यामागे उभा असलेला क्रेपिनो रडत होता. मी ते प्रत्येक वाक्य कधी लिहिलं, त्या दिवशी काय जेवलो होतो, कशाची लाज वाटत होती, ते मला आठवत होतं. नऊशे माणसं त्या लाजेला हसत होती.

मग टोपी आली. बोनिव्हार बसला. उठला. “आयुष्यभर ही माझ्या डोक्यावर बसली. आज मी हिच्यावर बसलो. फिट्टंफाट!”

काही नाही. एक माणूस खोकला.

मी पडद्याच्या कडेतून प्रेक्षकांच्या बाजूच्या सज्ज्याकडे बघितलं. ऑनोरीन तिथे एकटी होती. हातमोजे घातलेले दोन्ही हात कठड्यावर, तोंड मिटलेलं, नजर सरळ माझ्याकडे. ती हसली नाही. मी सांगितलं होतं तेच तिने केलं, आणि मला वाटलं कोणीतरी माझ्या छातीवर बसलं. शेवटच्या क्षणापर्यंत मी आशा धरून होतो की तिला ते आवरणार नाही.

नावांची चिठ्ठी मध्यंतरात मीच लिहिली होती. दोन नावं लिहिली आणि तिसऱ्यासाठी हात थबकला. कोणाचं लिहायचं तेच कळेना: तिचं, की माझंच पुन्हा एकदा? दोनच ठेवली. बोनिव्हार पुढे आला, तीनदा वाकला आणि म्हणाला, “आम्हाला ज्या नाटकाचा प्रयोग करण्याचा मान मिळाला, ते मुस्यू पॉम्रोल आणि मुस्यू देल्बेक यांचं आहे.” लोक उभे राहिले. आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते झालं, आणि पॉम्रोल ह्या नावाला टाळ्या पडत असताना मला शिट्टी मारावीशी वाटली.

घरी येताना गाडीत ती म्हणाली, “खूप चाललं.”

“हो.”

“थंडी वाजतेय का तुम्हाला?”

“नाही.”

सोमवार, ५ डिसेंबर

सकाळी सातला बॅरोमीटरपाशी गेलो. हात उचलला आणि टकटक न करता पुढे आलो. काटा जिथे होता तिथेच आहे, त्याला काही वाईट वाटलेलं दिसलं नाही.

ऑनोरीन प्रार्थनेला गेली आहे. एरवी सोमवारी जात नाही. कॉफी आणि पाव टेबलावर झाकून ठेवलेले, आणि शेजारी ही वही. खणात नाही, टेबलावर.

शुक्रवारच्या पानावर, माझ्या प्रश्नासमोर, डाव्या रकान्यात पेन्सिलीचं अक्षर आहे. देल्बेकचं नाही. कॉन्व्हेंटात शिकलेलं गोल अक्षर, एकवीस वर्षं मी ते धोब्याच्या यादीत बघत आलोय.

‘टोपीला नव्हते हसले. तुमच्या चेहऱ्याला. म्हणून तर हो म्हटलं.’

तीनदा वाचलं. म्हणजे मी लग्न केलं ते एका मुलीला माझा विनोद कळला म्हणून, आणि तिने केलं ते मीच विनोदी होतो म्हणून. तिने कधी खोटं सांगितलं असंही म्हणता येत नाही. मी विचारलंच नव्हतं. तरी मी फसवला गेलोय, आणि ज्या दिवसापासून फसलो तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस होता. मी त्याच्यावर घर बांधलं.

आणि वाक्य चांगलं आहे. तीन तुकडे, एक शब्द जास्त नाही, शेवटचा तुकडा बरोबर जागेवर. बोनिव्हारच्या तोंडी घातलं तर थिएटर डोक्यावर घेतील. माझ्या एकेचाळीस नाटकांत असं एक नाही. हे तिला मी कधी माफ करू शकेन असं वाटत नाही.

खोडून टाकायचं ठरवलं. पाव फोडला, आतला मऊ गर काढला, बोटांत मळून गोळी केली, वही जवळ ओढली. जिन्यात तिची पावलं वाजली. वर येता येता ती नेहमीसारखी दुसऱ्या मजल्यावर दम घ्यायला थांबली.

मी ती गोळी कॉफीत बुडवली आणि खाऊन टाकली.